आमच्या घरात 'पिशवी काढणं' आनुवंशिक आहे

कृष्णाकाठची

धागा जरा लांबेल, आधीच सांगते.

वय ३८. माहेर वाळवा तालुक्यात, सासर सांगलीत. गेली दोन वर्षं पाळी आली की सहा-सात दिवस घर, ऑफिस, देवधर्म सगळं पॅड बदलण्याच्या वेळेवर चालतं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत दोन गाठी निघाल्या, फायब्रॉइड म्हणतात त्या, एक साडेचार सेंटिमीटरची, दुसरी लहान. हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, घाई करत नाहीत. केसपेपर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "माहेरी कुणाला असा त्रास?" आणि मी बोटं मोजायला लागले. आई, ३४ व्या वर्षी पिशवी काढली. मावशी, ३६. थोरली बहीण, ३३. बाईंनी मान वर केली, पेनाने एक ओळ अधोरेखित केली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडं हे चालत आलंय."

घरी येईपर्यंत रिक्षात तेच डोक्यात. आमच्याकडं मधुमेह नाही, बीपी नाही, पुरुषांना टक्कलसुद्धा उशिरा पडतं. चालत आलंय ते हे. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, मागच्या दिवाळीत तिला पाळी आली. उद्या तिच्या केसपेपरवर चौथं नाव माझं लागणार.

ताईला फोन केला तर ती निवांत. "अगं काढून टाक की, आपल्यात सगळ्यांनी काढलीय." जसं काही कान टोचायचे राहिलेत.

तर विचारायचं असं, की गाठी खरंच जनुकांतून येतात का? त्याची काही तपासणी असते का? थुंकी पाठवा, घरबसल्या रिपोर्ट मिळवा अशा जाहिराती सारख्या दिसतात, त्यात पैसे घालावेत का? आणि मुलीसाठी आत्तापासून काही करण्यासारखं आहे का?

हळदीचा_वायदा

वाचतोय. पुरुषमाणूस, म्हणून गप्प.

साखरशाळा

गप्प बसायचं काही कारण नाही. घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन किती आहे ते माहीत आहे का, एवढं सांगा.

हळदीचा_वायदा

नाही. द्राक्षबागेच्या पानदेठाचा रिपोर्ट पाठ आहे. लाज वाटली, उद्या बघतो.

स्लाइडवाला_मिरज

मी डॉक्टर नाही. मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काम करतोय, त्यामुळं जे डोळ्यांनी बघतो तेवढं सांगतो.

ऑपरेशन करून काढलेली पिशवी फॉर्मालिनच्या डब्यात आमच्याकडं येते. तिचं वजन करायचं, मापं घ्यायची, मग उभी चिरून उघडायची. गाठ असली तर शोधावी लागत नाही. कापली की पांढरी, रबरासारखी घट्ट, आणि आत धाग्यांची गोल गोल वळणं. दोऱ्याचा गुंडा मधोमध चिरला तर जसा दिसेल तशी.

ही अख्खी गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की साधारण ७० टक्के गाठींमध्ये मेड-१२ नावाच्या एका जनुकात बिघाड असतो. आता खरी गोम ऐका. तो बिघाड गाठीत असतो, त्या बाईच्या रक्तात नसतो. म्हणजे तो आईकडून आला नाही आणि लेकीकडं जाणार नाही. पिशवीच्या भिंतीतल्या एखाद्या पेशीत तो नंतर कधीतरी घडतो. एकाच बाईच्या दोन गाठींत बिघाड वेगवेगळे निघू शकतात.

मग घराण्याचा काहीच संबंध नाही का? तर आहे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला गाठी असतील तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. पण ती बऱ्याच जनुकांची चिल्लर मिळून. जपानी बायकांवरच्या अभ्यासात २०११ मध्येच गुणसूत्रांवरच्या अशा तीन जागा सापडल्या, नंतर यादी वाढत गेली. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. एफएच नावाचं जनुक जन्मापासून बिघडलेलं असेल तर ऐन विशी-तिशीत गाठी, कातडीवर दुखऱ्या पुटकुळ्या आणि घरात कुणाला तरी किडनीचा कॅन्सर, असं एकत्र दिसतं. ते आई किंवा बापाकडून प्रत्येक मुलाकडं निम्म्या शक्यतेनं जातं. तसं काही आहे का तुमच्याकडं?

आणि आता माझा प्रश्न. तुम्ही तीन नावं लिहिलीत आणि तिन्हींपुढं 'पिशवी काढली' लिहिलंत. कशासाठी काढली, ते कुठाय? पिशवी काढणं हे ऑपरेशन झालं, आजार नव्हे. रिपोर्ट आहेत का घरात?

कृष्णाकाठची

किडनीचं काही नाही. पुटकुळ्याही नाहीत.

रिपोर्टचा विचारच केला नव्हता. आईला फोन लावला. म्हणाली, "पिशवीला सूज होती. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." मग मावशीला लावला. "पिशवीला सूज होती. ठेवली असती तर कॅन्सर झाला असता." एकच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. दोघींची ऑपरेशनं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या साली झालीत.

रविवारी माहेरी जाऊन कपाट उघडते.

साखरशाळा

हे वाक्य माझ्या फार ओळखीचं आहे.

मी काही वर्षं कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवलंय. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत उतरतात, कारखान्याच्या आसपास त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या पडतात, हे सगळ्यांनीच बघितलंय. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती जोडीच्या नावावर. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापतात. बाईची पाळी असली तरी पहाटे फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढवायची. फडात आडोसा नाही, कोपीवर मोरी नाही. पॅड कुठलं, जुन्या लुगड्याचे तुकडे, आणि ते वाळत घालायचे तर दुसऱ्या कपड्याखाली झाकून. मग अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. हंगाम संपल्यावर गावाकडं गेलं की दवाखाना, एक सोनोग्राफी, आणि तुमच्या आईचं ते वाक्य.

एका पोराची आई मला म्हणाली होती, "बाई, काढून आले. आता महिन्याचा खाडा नाही." वय २९. ऑपरेशनला पैसे मुकादमानं दिले होते, म्हणजे ते परत उचलीत मिळवले.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागं एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. आता या आकड्यांवर कुणी शहाणा म्हणाला की बीडच्या बायकांच्या जनुकांत दोष आहे, तर आपण हसू. मग आपल्याच घरातल्या तीन पिशव्यांना आपण इतक्या पटकन आनुवंशिक का म्हणतो?

जत_रोड

विषय थोडा सोडून विचारतो, चालेल का. माझी बायको माझ्या मामाची मुलगी. दोनदा गर्भ राहिला, दोनदा पडला. घरातले म्हणतात नात्यात केलं म्हणून. ज्या आजीनं हट्ट धरून हे लग्न लावलं तीसुद्धा आता तेच म्हणते. खरं काय?

पोवईनाका

धाग्याशी संबंध आहे, उलट नेमका इथलाच प्रश्न आहे. मी साताऱ्याची. आमचं लग्न नात्यातलं नाही, दोन्ही घरांत सात पिढ्या ओळख नाही. तीनदा गर्भपात, तिन्ही वेळा नऊ-दहा आठवड्यांत. पहिल्या वेळी "होतं असं". दुसऱ्या वेळी माझं स्कूटर चालवणं. तिसऱ्या वेळी माझी पत्रिका. पालीच्या खंडोबाला तीन फेऱ्या झाल्या, एका वैद्यांचा काढा झाला, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. थायरॉईड, साखर, पिशवीचा आकार, सगळं बरोबर. नवऱ्याची एकसुद्धा तपासणी कुणी सांगितली नव्हती.

शेवटी एका डॉक्टरांनी दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायला सांगितलं. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. बाकी तपासण्यांना रक्त मेलेलं चालतं, याला जिवंत लागतं. लॅबमध्ये त्यातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, त्या विभागायला लागल्या की औषध घालून नेमक्या त्या क्षणी थांबवतात, रंगवतात आणि फोटो काढतात. आमचं पहिलं रक्त शनिवारी पुण्याला गेलं, तिथं सोमवारपर्यंत कुणी हात लावला नसावा. "कल्चर फेल, पुन्हा द्या." पुन्हा सुट्टी, पुन्हा सुई.

रिपोर्ट आला तो मी अजून जपून ठेवलाय. ४६ गुणसूत्रांच्या २३ जोड्या मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडलेल्या, देवळाबाहेर चपला लावून ठेवाव्यात तशा. माझ्या सगळ्या जोड्या सारख्या. नवऱ्याच्या चौथ्या जोडीतल्या एकाचं टोक तुटून अकराव्याला लागलेलं, अकराव्याचं चौथ्याला. याला बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन म्हणतात. त्याच्यात काहीच कमी नाही, नुसती जागा बदललीय, म्हणून तो ठणठणीत. पण शुक्राणूत निम्मा माल जातो, तेव्हा वाटणी चुकू शकते. एक तुकडा जास्त, एक तुकडा गायब. तो गर्भ टिकत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत २ ते ५ टक्के ठिकाणी दोघांपैकी एकात असं सापडतं. आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या गर्भांत गुणसूत्रांचा घोळ असतो, आईबाप अगदी निरोगी असले तरी.

सासूबाई रिपोर्ट ऐकून दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे बाहेर कुठं बोलायचं नाही." माझ्या पत्रिकेतला मंगळ मात्र अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होता.

(चौथ्या खेपेला मुलगी झाली. पहिलीत आहे. कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.)

जत रोड दादा, तपासणी दोघांची करा. एकट्या वहिनींची नको.

स्लाइडवाला_मिरज

नात्यातल्या लग्नाचं एवढंच: मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा यांचे आजी-आजोबा एकच, म्हणून आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. ज्या आजाराला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत लागते तो अशा घरात उघडा पडण्याची शक्यता जास्त. बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका कुणालाही २-३ टक्के असतो, तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० हून जास्त टक्के बाळं ठीक असतात. दोन गर्भपातांचं खापर थेट नात्यावर फोडता येत नाही, तपासल्याशिवाय तर नाहीच.

आणि "आम्ही नात्यात करत नाही" म्हणणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जनुकांवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेतले थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटानं २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यातल्या ८१ समाजांत मूळ पूर्वज इतके मोजके निघाले, की फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू, जे याबाबतीत जगात उदाहरण म्हणून सांगितले जातात, तेही मागं पडले. त्या ८१ पैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर. शेकडो वर्षं जातीतच लग्नं लावली की मामाची मुलगी नसली तरी लांबची कुणीतरी असतेच.

परदेशी_सातारकर

मूळची साताऱ्याची, आता मिशिगनमध्ये. संख्याशास्त्र हे माझं काम, म्हणून थुंकीच्या किटबद्दल लिहिते.

असे किट ज्या अभ्यासांच्या जोरावर "तुम्हाला अमुक धोका इतका" सांगतात, त्यात लाखो लोकांची जनुकं आजार असलेले आणि नसलेले अशी ताडून बघितलेली असतात. २०२१ पर्यंतच्या अशा सगळ्या अभ्यासांची बेरीज केली तर त्यात भाग घेतलेल्यांपैकी ८६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. दक्षिण आशियाई, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका सगळे धरून, ०.८ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. त्यात वाळवा तालुक्यातली बाई किती असेल, तुम्हीच बघा. लंडनच्या मापानं शिवलेलं पोलकं तुम्हाला बसेलच असं नाही. किटचे पैसे खजुराला आणि डाळिंबाला घाला.

दुसरं, साखरशाळा यांनी जे विचारलं तोच प्रश्न इकडं वेगळ्या रूपात आहे. अमेरिकेत काळ्या बायकांना गाठींचा त्रास फार. लवकर वयात, मोठ्या, एकाहून जास्त. कुणी म्हणेल, त्या दवाखान्यात जास्त जात असतील. म्हणून वॉशिंग्टनमध्ये एका आरोग्य योजनेतल्या बायकांना, त्रास असो वा नसो, सरसकट सोनोग्राफीला बोलावलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला: पन्नाशीपर्यंत काळ्या बायकांत ८० टक्क्यांहून जास्त जणींना गाठी, गोऱ्यांत ७० टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे गाठी गोऱ्यांनाही भरपूर, पण काळ्यांना आधी आणि मोठ्या. पुढं २०१० पासून आमच्या इथल्या डेट्रॉइटमध्ये २३ ते ३५ वयाच्या १,६९३ काळ्या तरुणी निवडल्या, ज्यांना गाठीचं निदान झालेलं नव्हतं, आणि ठरावीक काळानं त्यांची सोनोग्राफी करत राहिले. त्यांचं ड जीवनसत्त्व, ताणतणाव, केसांना लावायची रसायनं, सगळं लिहून घेत. जनुकांवर बोट ठेवून मोकळं व्हावं असं उत्तर काही मिळालेलं नाही. पण मला त्यातली रीत आवडते. बाई आजारी पडून दारात येण्याची वाट न बघता तिच्याकडं आधी जाणं.

आपल्याकडं गाठींसाठी असं काही मोठं झाल्याचं माझ्या वाचनात नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या साधारण १०,००० निरोगी लोकांची जनुकं वाचली गेली, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. पाया पडलाय, घर बांधायचंय.

स्पष्टच_बोलतो

सगळं वाचलं. जनुकं-बिनुकं हे पोट भरलेल्यांचे चोचले. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, आधीच्या पाहणीत ४८ होता. वाढलाय. आमच्या गावच्या उपकेंद्रात दोन महिने लोहाच्या गोळ्या नव्हत्या. आधी गोळी द्या, मग गुणसूत्रांच्या चपला मोजा.

पोवईनाका

चपला मोजल्या म्हणून माझ्या डोक्यावरचा मंगळ उतरला. चोचले म्हणायचं तर म्हणा.

स्पष्टच_बोलतो

तुमच्याबद्दल नव्हतं ते. माफ करा. पण मुद्दा सोडत नाही.

साखरशाळा

मुद्दा सोडू नका, पण तो आम्हीच तर मांडतोय. रक्तक्षय काय नुसत्या पालेभाजीच्या कमतरतेनं होतो का? ज्या बाईचं दर महिन्याला इतकं रक्त जातं तिला गोळी देऊन पाठवायचं आणि रक्त का जातंय ते विचारायचं नाही, हेच वर्षानुवर्षं चाललंय. मग एक दिवस पिशवीच काढायची. गोळी आणि ऑपरेशन यांच्या मधलं जे काही आहे ते गरिबाच्या वाट्याला येतच नाही. रक्तस्राव कमी करायची ट्रानेक्सॅमिक ॲसिडची गोळी असते, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असते. किती जणींना सांगितलं जातं?

विश्रामबाग

थोडक्यात लिहिते, कारण माझं दुखणं वेगळं, एंडोमेट्रिओसिस. पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं. आठ वर्षं मला "पहिलं मूल झालं की थांबतं गं" ऐकवलं गेलं, निदान ३१ व्या वर्षी. २०२३ मध्ये या आजारावरचा मोठा जनुकीय अभ्यास आला, ६०,६७४ रुग्ण बायका, आणि धोक्याशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. त्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. पण मुंबईत परळला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, प्रजनन आरोग्याची संस्था आहे, तिच्या पुढाकारानं भारतीय बायकांवर असाच अभ्यास चालू आहे. इतक्या वर्षांत कुणी बसून माझं दुखणं वहीत लिहून घेतलं नव्हतं. कधी दुखतं, कुठं दुखतं, आईला होतं का. एवढं विचारणं हेच मला तरी औषधासारखं वाटेल.

हळदीचा_वायदा

बायकोचं ९.१. आईचं ८.४. मुलगी कॉलेजला, तिचं उद्या.

कृष्णाकाठची

रविवारी जाऊन आले. सविस्तर लिहिते.

गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या खाली एक प्लॅस्टिकची पिशवी असते आईची. सातबारा, एलआयसीच्या पावत्या, आमच्या दोघींचे जन्मदाखले. तिच्यात तळाला घडी घातलेला कागद, घडीवर फाटत आलेला, टाइपरायटरवर टाइप केलेला. साल २०००. स्लाइडवाले दादा, जसंच्या तसं उतरवते, शब्द तुम्ही उलगडा. वजन ७० ग्रॅम. माप ८ बाय ५ बाय ४ सेंटिमीटर. सर्व्हिक्स: क्रॉनिक सर्व्हिसायटिस. एंडोमेट्रियम: प्रोलिफरेटिव्ह फेज. मायोमेट्रियम: अनरिमार्केबल. बोथ ओव्हरीज: अनरिमार्केबल.

स्लाइडवाला_मिरज

दोनदा वाचलं.

७० ग्रॅम हे बाळंतपणं झालेल्या बाईच्या साध्या पिशवीचं वजन. प्रोलिफरेटिव्ह म्हणजे पाळी संपून अस्तर नव्यानं वाढतंय, महिन्याच्या त्या दिवसांत ते तसंच असायला हवं. मायोमेट्रियम म्हणजे भिंत, तिथं काही नाही, गाठ नाही. क्रॉनिक सर्व्हिसायटिस हा शब्द बघून घाबरू नका, बाळंत झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या पिशवीच्या तोंडाशी तेवढं सापडतंच. "पिशवीला सूज" म्हणतात ती हीच. कॅन्सर नव्हे, त्याची सुरुवातही नव्हे. एवढं असलं की औषध द्यायचं किंवा सोडून द्यायचं. त्यासाठी पिशवी काढत नाहीत. अर्थात आईंना तेव्हा रक्तस्राव किती होता हे कागदावरून कळत नाही, ते त्यांनाच विचारा.

असे कागद मी स्वतः टाइप केलेत. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. इतक्या वर्षांत मोजले नाहीत.

आणि दोन्ही बीजकोशही काढलेत. म्हणजे ३४ व्या वर्षी पाळी नुसती थांबली नाही, हार्मोनही थांबले. भारतात नैसर्गिकरीत्या पाळी सरासरी ४६-४७ ला जाते. पाळी कधी जाणार यावर २०२१ मध्ये दोन लाख बायकांचा अभ्यास आला होता, गुणसूत्रांवरच्या २९० जागा सापडल्या. तुमच्या आईंची त्यातल्या एकाही जागेनं ठरवली नाही. ती टेबलावर ठरली. त्यांची हाडं तपासून घ्या, बीएमडी म्हणतात त्याला. गुडघे, कंबर काही आहे का?

कृष्णाकाठची

दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरली आणि मनगट मोडलं. आम्ही फरशीला शिव्या दिल्या.

साखरशाळा

बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतल्याशिवाय पिशवी काढता येणार नाही असा नियम केला. २०२२ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या लागू करायला सांगितल्या. तुमच्या आईंसाठी २३ वर्षं उशीर.

जत_रोड

आम्ही दोघांनी रक्त दिलं. मुद्दाम सोमवारी दिलं. पोवईनाका ताई, धन्यवाद. आजीला अजून सांगितलं नाही.

कृष्णाकाठची

शेवटची भर घालते.

ताईचा रिपोर्ट तिच्या मोबाईलमध्येच फोटो काढलेला होता, २०१८ चा. तिच्या पिशवीत खरंच तीन गाठी होत्या, मोठी सात सेंटिमीटरची. तिचं ऑपरेशन गरजेचं असणार, निदान कारण तरी होतं. मावशीचा दवाखाना कधीच बंद पडला, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. कागद नाही. म्हणजे माझ्या घराण्याच्या इतिहासात तीन नावं होती, त्यातलं एक खरं, एक खोटं, एक हरवलेलं. परवा डॉक्टरीणबाईंना हे तीन ओळींत लिहून दिलं. त्यांनी वाचलं, आधीची अधोरेखित ओळ खोडली आणि लिहिलं, "बहीण, गाठी, रिपोर्ट पाहिला." माझं म्हणाल तर सलाईनमधून लोह चढवलंय, तांबी बसवलीय, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. जमलं नाही तर नुसत्या गाठी काढू म्हणाल्या, तेही जमलं नाही तर पिशवीचं बघू. मुलीसाठी आत्ता काही तपासणी नको, पाळीची वही मात्र तिला घालून दिलीय. तारीख, किती दिवस, किती पॅड.

आईला सांगायचं की नाही यावर आम्हा बहिणींत दोन दिवस वाद झाला. शेवटी मीच सांगितलं. ती सोप्यात बसून शाळू निवडत होती. मी कागद उघडला, स्लाइडवाल्या दादांनी सांगितलं तसं एकेक ओळ समजावून सांगितली. रक्तस्राव किती होता तेही विचारलं. "चार दिवस. जास्त नव्हतं. पांढरं जायचं आणि कंबर दुखायची." सूप थांबलं नाही. खडे एका बाजूला, जोंधळा एका बाजूला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे माझी चांगली होती म्हणायची."

मी हो म्हटलं.

"मग मावशीला सांगू नको," म्हणाली. "तिचा कागद नाही, तर तिला सूज होती असंच राहू दे."